नखावरचा थेंब

रातांब्यांच्या दिवसांत मोठ्या काकीची नखं काळपट जांभळी व्हायची. वैशाख लागला की गोळपच्या घरी मागच्या पडवीत रातांब्यांचे ढीग पडत. वळवाची पहिली सर यायच्या आत ते फोडून व्हायला हवेत, म्हणून काकी पहाटेचा चहा घेऊन बसे ती ऊन माथ्यावर येईपर्यंत उठत नसे. सुरीनं रातांबा चिरायचा, साल एका टोपात, गर आणि बिया दुसऱ्या टोपात. बियांना मीठ लावलं की रस सुटतो. त्या रसात साली बुडवायच्या, खळ्यात उन्हाला टाकायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बुडवायच्या. अशी पुटावर पुटं चढली की सोलं काळीभोर होतात. उरलेल्या चोथ्यानं आम्ही देव्हाऱ्यातली पितळेची निरांजनं घासायचो आणि ती सोन्यासारखी निघायची. पितळेचा मळ खाणारं ते आंबट दिवसातले सात-आठ तास काकीच्या बोटांना लागलेलं असे. महिनाभरात तिची नखं कडेनं झिजत, टोकाला पापुद्रे सुटत, पदराच्या सुताला अडकत.

नखांचं औषधही त्याच रातांब्याच्या पोटात होतं. काकीचा त्याच्यावर फार विश्वास. "साल खाते, बी भरते," असं ती म्हणे.

सोलं झाली की उरलेल्या बिया ती राखेत चोळून धुई, खडखडीत वाळवून डब्यात भरून ठेवी. त्यांना पुन्हा हात लागे तो भातकापणी आवरल्यावर. वरवंट्यानं बिया फोडायच्या, सुपात पाखडून टरफलं उडवायची, आतला गर उखळात कुटायचा आणि मोठ्या टोपात पाणी घालून चुलीवर चढवायचा. बराच वेळ उकळलं की वर तेल तरंगायला लागतं. ते पळीनं अलगद काढून घ्यायचं. गार होत आलं की ते तुपासारखं थिजतं. पुरतं थिजायच्या आत मुठीत घेऊन दाबायचं आणि लांबट गोळा करायचा. मुठीत वळतात म्हणून ते मुठेल. पुस्तकात त्याला कोकमतेल म्हणतात, दक्षिणेकडे गेलं की भिरंडेल म्हणतात. आमच्या घरात मुठेलच. प्रत्येक गोळ्यावर वळणाऱ्या हाताची चार बोटं उमटलेली असत. काकीचे गोळे मी शंभरांतून ओळखले असते. तिच्या करंगळीवर लहानपणी विळी पडली होती, त्यामुळे त्या बोटाचा ठसा उथळ आणि जरा तिरका उमटायचा.

आमचं बिऱ्हाड रत्नागिरी शहरात. सुट्टी लागली की वडील मला पावसच्या एसटीत बसवून देत. भाट्याचा पूल ओलांडताना उजवीकडे मांडवीचा समुद्र दिसे, मग संशोधन केंद्रातल्या माडांच्या रांगा, मग चढण आणि वर कातळ. गोळपला उतरले की काकी खळ्याच्या कडेला उभी असे. आधी ती माझे दोन्ही हात उलटे करून बघे. माझी नखं लहानपणापासून पातळ. कागदासारखी वाकायची, टोकाला त्यांचे पदर सुटायचे, आणि सुटलेला पदर ओढून काढायची मला वाईट खोड होती. ओढला की तो आत जिव्हारापर्यंत जायचा. काकी हात बघून काही बोलत नसे. बोटं नुसती आपल्या मुठीत धरी, आणि मग आम्ही आत जात असू.

रात्री जेवणं झाली, भांडी पालथी पडली की स्वयंपाकघरात ती मला समोर बसवी. वाडग्यात कोमट पाणी. त्यात पाच मिनिटं बोटं बुडवायची. मग जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं एकेक बोट कोरडं करायचं, पेरांच्या मधली जागासुद्धा. तोवर मुठेलचा गोळा कंदिलाच्या तापल्या काचेजवळ धरलेला असे. त्याची कड ओलसर चमकायला लागली की काकी अंगठ्यानं तेल उचली आणि नखाच्या मुळाशी लावी. मला वाटे, तुटतं तर टोकाला, मग तेल मुळाशी का? मी विचारलंही होतं.

"माड शेंड्याला वाढतो बाय, नख मुळाला," ती म्हणाली. "मुळाला घाल. टोक आपलं आपण सुधारतं."

ती दुसरीपर्यंत शिकलेली. पुढे कॉलेजात जीवशास्त्राच्या पुस्तकात नखाचं चित्र बघितलं तेव्हा मला तिचं हे वाक्य आठवलं. दिसतं ते नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा निर्जीव पत्रा. जिवंत भाग कातडीखाली, मुळाशी, पांढऱ्या चंद्रकोरीच्या मागे. तिथे नवीन पेशी होतात आणि जुन्यांना पुढे ढकलतात. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर सरकतं. मुळापासून टोकापर्यंत यायला त्याला चार ते सहा महिने लागतात. म्हणजे आज टोकाला जे तुटतं आहे ते आपल्या चार-सहा महिन्यांपूर्वीच्या अंगात तयार झालेलं असतं.

तेल त्या मेलेल्या पत्र्याला जीव देत नाही. पण ते एक मोठं काम करतं. नख पाण्यात फुगतं आणि वाळलं की आकसतं. धुणं, भांडी, तांदूळ, मासळी, अशी बाईची नखं दिवसातून वीस वेळा फुगतात आणि वीस वेळा आकसतात. त्या ओढाताणीत थरांचा चिकटा सुटतो आणि पापुद्रे निघतात. कोमट पाण्यानं मऊ झालेल्या नखावर तेलाचा हात फिरला की आतला ओलावा आत राहतो. मुठेल घट्ट, ते चटकन पुसून जात नाही, रात्रभर बसून राहतं. मुठेल नसेल तर खोबरेल चालतं, तीळतेल चालतं. दुकानातल्या महाग बाटलीतूनही आपण बहुतेक तेलच विकत घेतो.

काकीचे नियम साधे होते आणि आता वाटतं, नेमके होते. ओले हात ओले ठेवायचे नाहीत, लगेच पुसायचे. नखं आंघोळीनंतर काढायची, तेव्हा ती मऊ असतात. पापुद्रा सुटला तर ओढायचा नाही, कापायचा. दिवेलागण झाल्यावर नखं काढायची नाहीत, आणि काढलेली घरात पडू द्यायची नाहीत, घरात भांडणं होतात म्हणून. फणस फोडायच्या आधी आणि ओले काजू सोलायच्या आधी तळव्यापासून नखांपर्यंत खोबरेल चोपडायचं. काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं. काजू, आंबा आणि बिबा एकाच कुळातले, हे मला नंतर कळलं. काकी आधीपासून म्हणायची, "काजू बिब्याचा भाऊ आहे, विश्वास ठेवू नको."

नखुर्डं झालं की लिंबाचं टोक कापून, आत चिमूटभर हळद घालून ते बोटावर टोपीसारखं बसवी आणि चिंधीनं बांधी. रात्रभर ठणका असे, पण सकाळी बोट हलकं वाटे. दुखऱ्या बोटापुरतं लिंबू. रोज नखांवर लिंबू चोळणं तिला मान्य नव्हतं. शेजारची एक मुलगी नखं पांढरीशुभ्र व्हावीत म्हणून लिंबाची साल घासायची, तिला काकीनं बोलावून सांगितलं होतं, "आंबटानं माझी काय दशा झाली ती बघ आणि मग घास." लसूण चोळल्यानं नखं टणक होतात असं कुणी सांगितलं, तर म्हणे, लसूण आमटीत घाल, बोटाला लावलास तर भाजशील.

बगळ्यांची रांग आभाळातून गेली की आम्ही मुलं नखांवर नखं घासायचो. बगळा नखावर पांढरा ठिपका टाकतो, अशी समजूत. ठिपका आला की नवे कपडे मिळणार. काकीही आमच्याबरोबर हात वर करून नखं घासायची. हे ठिपके नखाच्या मुळाला कधीतरी बसलेल्या बारीकशा माराचे असतात आणि नखाबरोबर पुढे सरकून निघून जातात. नवे कपडे मात्र दिवाळीला यायचेच, म्हणून समजूत टिकली.

श्रावणात मेंदी. नागपंचमीच्या आदल्या रात्री पाट्यावर वाटलेली, खळ्याच्या कडेच्या झाडाची. तळव्यावरचा रंग आठ-दहा दिवसांत उतरे, नखावरचा उतरत नसे. तो नखाबरोबर वर जाई. गणपतीत मुळाशी कोरी पट्टी दिसे. दिवाळीत मेंदी अर्ध्यावर येई. संक्रांतीला तीळ निवडताना टोकाशी शेवटची केशरी कोर उरलेली असे, आणि ती कापली की नागपंचमी खऱ्या अर्थानं संपे. काकीच्या दहा बोटांवर असं आमचं अर्धं वर्ष चालत जायचं. सण किती मागे गेला हे मी तिच्या नखांवरून सांगत असे.

आता एका रात्रीबद्दल.

१९९९ सालचा मे महिना. मी एकोणीस वर्षांची, विज्ञान शाखेत शिकत होते. सुट्टीत गोळपला गेले तेव्हा सोलांचं काम अर्ध्यावर होतं. काकी थकलेली दिसली. परसातून घागर आणताना ती मध्ये पायरीवर बसली. विचारलं तर म्हणाली, ऊन फार झालंय. सुपात तांदूळ निवडताना ती सारखे दाणे तोंडात टाकत होती. काका हसून म्हणाले, "हिच्या दाताखाली जातंच आहे." कच्चे तांदूळ खायची तिची ही सवय आम्हाला दोन-तीन वर्षं माहीत होती. कुणाला पेरू आवडतो, तसे काकीला तांदूळ आवडतात, असंच आम्ही धरून चाललो होतो.

त्या रात्री वीज गेली होती. मी म्हटलं, "आज तू बस, मी तुला लावते." इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं हात पुढे केला. मी कोमट पाणी आणलं, बोटं पुसली. कंदिलाच्या काचेजवळ मुठेल धरलं. जास्त वेळ धरलं असेन, कारण ते ओघळलं आणि एक मोठा थेंब तिच्या अंगठ्याच्या नखावर पडला.

थेंब तिथेच राहिला. नख मधोमध खोलगट झालं होतं, कडा वर उचललेल्या. लहान चमच्यात औषध राहावं तसं ते तेल नखात राहिलं. कंदिलाचा उजेड त्यात इवलासा हलत होता. मला ते फार सुंदर वाटलं. मी तिचा हात वर उचलून तिला दाखवला.

"काकी, बघ, तुझ्या नखात तेल राहतं. वाटीच झालीय."

"रातांब्यांनी खाल्लीत गो," ती म्हणाली. "चोळ तू."

मी चोळलं. दहाही बोटांना चोळलं, अगदी मनापासून, तिनं शिकवलं तसं मुळाशी. पुढच्या सुट्टीत गेले तेव्हाही चोळलं. त्यानंतर दोन वर्षं जमेल तेव्हा मी तिला मुठेल लावत आले, आणि आपण तिचं काही करतो आहोत याचं मला समाधान होतं.

२००२ सालच्या दिवाळीत काकी भाऊबीजेच्या दिवशी ओवाळणीचं तबक हातात असतानाच खाली बसली. पुन्हा उठेना. रिक्षातून शहरात आणली. दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढली आणि बघितलं. मग हात हातात घेतला. नखांवर नागपंचमीची मेंदी अर्ध्यावर आलेली होती. मेंदी होती तिथे काही कळत नव्हतं. मेंदीच्या खाली, मुळाशी, जे नवं नख आलं होतं ते कागदासारखं पांढरं होतं. डॉक्टरांनी अंगठा आडवा धरून बाजूनं बघितला.

"ही नखं अशी चमच्यासारखी कधीपासून आहेत?"

काका गप्प. चुलतभाऊ गप्प. कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं, अगदी तारखेसकट, पण माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला. माती, खडू, कच्चे तांदूळ असं काही खातात का? तेव्हा काका खालमानेनं हो म्हणाले.

बाईच्या रक्तात दर डेसिलिटरला किमान १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असावं असं मानतात. काकीचं ५ च्याही खाली होतं. शरीरातलं लोह फार काळ कमी राहिलं की कधीकधी नख पातळ होतं, सपाट होतं आणि मग मध्ये खोलगट होऊन कडा वर येतात. नखावर पाण्याचा थेंब टाकून तो टिकतो का हे बघायची डॉक्टरांची जुनी, बिनखर्चाची रीत आहे. ती परीक्षा १९९९ च्या मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात झाली होती. ती मीच घेतली होती, आणि उत्तर वाचता न आल्यामुळे चोळून पुसलंही होतं. कच्च्या तांदळांची ओढ हीही पुष्कळदा अंगातलं लोह कमी झाल्याची हाक असते. आणि दरवर्षी श्रावणात मेंदी त्या नखांचा पांढुरकेपणा झाकत आली होती.

लोह कमी का झालं याचं उत्तर पुढच्या तपासण्यांत मिळालं. आतड्यात गाठ होती. तिथून रक्त जात होतं, डोळ्यांना दिसणार नाही इतकं थोडं, पण रोज. पाळी गेलेल्या बाईचं रक्त विनाकारण कमी होत नाही, ते बहुधा कुठून तरी जात असतं, हे मला तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितलं. रक्ताच्या बाटल्या चढवल्या, पण गाठ फार पुढे गेली होती. काकी तीन आठवडे राहिली. छप्पन्न वर्षांची होती.

ती गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. मेंदी नखाच्या अर्ध्याहून थोडी वर आली होती. मेल्यावरही नखं वाढतात असं म्हणतात. ते खरं नाही. बोटाची कातडी सुकून मागे सरते आणि नख लांब झाल्यासारखं दिसतं, एवढंच. त्या वर्षीची नागपंचमी काकीच्या नखांवर जिथे होती तिथेच राहिली. तिला संक्रांत मिळाली नाही.

मी पुष्कळ दिवस स्वतःला विचारत राहिले. त्या रात्री जे दिसलं ते मी कुणाला तरी सांगितलं असतं तर? वाचली असती असं छातीवर हात ठेवून म्हणणं मला जमत नाही. पण तीन वर्षं आधी रक्त तपासलं असतं, कारण शोधलं असतं, तर तिला झुंजायला तीन वर्षं मिळाली असती. ती झुंजली असती. दिवसाला चार टोपल्या रातांबे फोडणारी बाई होती ती.

आमच्या घरात नाचणीची भाकरी होती, कुळथाचं पिठलं होतं, परसात शेवगा होता, बाळंतिणीसाठी अळीव आणून ठेवलेले असत. लोह म्हणून जे जे सांगतात ते त्या स्वयंपाकघरातून वर्षानुवर्षं बाहेर वाढलं गेलं. काकी सगळ्यांच्या मागून जेवायला बसे. पातेल्यात उरलेलं खाई आणि त्यावर लगेच कोरा चहा घेई. जेवणातलं लोह अंगी लागायला चहा आड येतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या आजाराचं मूळ वेगळं होतं हे खरं. पण एका बाजूनं रक्त जात असताना दुसऱ्या बाजूनं भर पडत नव्हती, हेही तितकंच खरं. आणि ही काही एकट्या गोळपच्या घरातली गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे हळदीकुंकवाला दहा जणी बसल्या असतील, तर त्यांतल्या पाच-सहा जणी. त्यांच्या हातांत बांगड्या असतात, नखांवर मेंदी किंवा पॉलिश असतं, आणि आपण वाण देऊन पुढे सरकतो.

काकीच्या हातचा मुठेलचा शेवटचा गोळा मी मागून घेतला होता. पत्र्याच्या डब्यात, चिंधीत गुंडाळलेला. त्यावर तिची चार बोटं होती, करंगळीची तिरकी खूण होती. तो वापरायचा नाही, असं मी ठरवलं. अधूनमधून डबा उघडून त्या खळग्यांत माझी बोटं ठेवून बघायची. तिचा हात माझ्यापेक्षा मोठा होता, माझी बोटं त्यात सैल पडत. पुढच्या वर्षी घरात रंगकाम निघालं तेव्हा तो डबा माळ्यावर गेला, पत्र्याखाली, आणि मे महिनाभर तिथेच राहिला. मुठेल चाळीस अंशांच्या आसपास वितळतं. पावसाळ्यात डबा खाली काढून उघडला, तर आत तळाशी एक गुळगुळीत, सपाट वडी थिजलेली होती. मी तिच्यावरून बोट फिरवलं. कुठे काही लागलं नाही.

त्या दिवशी मी रडले. मग ते मुठेल वापरायला काढलं. काकीनं ते ठेवून द्यायला केलं नव्हतं.

आता माझ्या मुलीची नखं माझ्यासारखीच पातळ आहेत. तिला रात्री समोर बसवते. कोमट पाणी, कोरडा पंचा, मुठेल. मुळाशी लावते आणि माडाचं वाक्य तिला सांगते. फरक पडायला चार महिने लागतात, आठ दिवसांत तपासू नकोस, हेही सांगते. भांड्यांना हात घालताना हातमोजे घालायला लावते. एवढं केलं की पातळ नखं पुष्कळ सावरतात, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. काकीच्या उपायांवरचा माझा विश्वास तसूभर कमी झालेला नाही. फक्त मी त्यांच्या आधी एक पायरी घातली आहे. तेल लावायच्या आधी मी दिवा जवळ घेते आणि प्रत्येक नख बघते.

नख बघायला शिकणं अवघड नाही. पापुद्रे सुटत असतील तर पाणी कमी आणि तेल जास्त करा. नख पिवळं पडून जाड होत असेल तर बहुधा बुरशी आहे, तिला तेल पुरत नाही. सगळीच नखं ठिसूळ झाली, त्यात केस गळतात, थंडी सोसत नाही, वजन वाढतं असं दिसलं तर थायरॉइड तपासून घ्या. एकाच नखात मुळापासून टोकापर्यंत काळी उभी रेघ नव्यानं आली आणि ती रुंद होत चालली, तर उशीर न करता डॉक्टरांना दाखवा. आणि नखं फिकट, सपाट, खोलगट होत असतील, चढ चढताना धाप लागत असेल, कच्चे तांदूळ किंवा माती खावीशी वाटत असेल, तर हिमोग्लोबिन तपासा. नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर थांबू नका. रक्त कुठून जातं आहे हेही शोधायला सांगा, विशेषतः पाळी गेलेली असेल तर.

तुमच्या घरात जी बाई सगळ्यांच्या मागून जेवते, तिला आज रात्री समोर बसवा. मेंदी असेल तर मेंदीच्या खालचं नख बघा, पॉलिश असेल तर पुसा. उजेड जवळ घ्या. तिच्या अंगठ्याच्या नखावर पाण्याचा एक थेंब टाका. ओघळून गेला आणि वर सांगितलेलं दुसरं काही दिसत नसेल, तर तिचे हात कोरडे करा आणि निवांत तेल चोळा. थेंब नखात थांबला, तर तेल बाजूला ठेवा आणि सकाळी तिला रक्त तपासायला घेऊन जा.